सहा वर्षांनंतर परत अकाउंट्समध्ये: नोकरीच्या तयारीच्या नोंदी

23 ऑक्टोबर 2025, भाऊबीज

दादाने ओवाळणीत त्याचा जुना लॅपटॉप दिला. पाटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, दिवाळी झाली की सुरू कर, आता थांबायचं नाही. मी काही बोलले नाही पण रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडून बसले.

माझं थोडक्यात. बीकॉम, नाशिकमध्येच एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं, मग एका ट्रेडिंग फर्ममध्ये चार वर्षं. मार्च 2019 मध्ये सोडलं, मे मध्ये लेक झाला, मग कोविड, मग सासऱ्यांचं आजारपण, असं करत करत साडेसहा वर्षं गेली. लेक आता पहिलीत आहे, साडेबाराला घरी येतो, दुपारी आई म्हणजे माझ्या सासूबाई त्याला बघणार असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय. अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंटची नोकरी मिळवायची हे ठरवलंय. याला प्रोजेक्टसारखं धरायचं, रोज रात्री दोन तास, आणि काय केलं ते तारखेनिशी वहीत लिहायचं. तेच इथे टाइप करतेय कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत आणि त्यांनाही हेच प्रश्न पडलेले असणार.

26 ऑक्टोबर

मी सोडल्यानंतर काय काय बदललं याची यादी केली आणि खरं सांगते, पहिल्या तासाला पोटात गोळा आला. मी जीएसटी पाहिलेलं आहे, 1 जुलै 2017 ला लागू झालं तेव्हा मी नोकरीतच होते, रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत बसून जुन्या व्हॅटचा स्टॉक ट्रान्सफर केलाय. पण 2बी, म्हणजे सप्लायरांनी पोर्टलवर भरलेल्या बिलांची दर महिन्याला येणारी यादी, जिच्यावरून खरेदीत दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं, ती मी असताना नव्हती. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, नव्हतं, आता पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असला की लागतं, म्हणजे एमआयडीसीतल्या बऱ्याचशा कंपन्या आल्या त्यात. हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी 9 जाऊन टॅलीप्राइम आलं. आणि सगळ्यात ताजं म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून दरच बदलले, 12 आणि 28 गेले, आता मुख्य दर 5 आणि 18, आणि चैनीच्या वगैरे वस्तूंना 40.

टीडीएसच्या, म्हणजे बिलाचे पैसे देतानाच कापायच्या प्राप्तिकराच्या, मर्यादाही एप्रिलपासून वाढल्यात, प्रोफेशनल फीची तीस हजारांवरून पन्नास हजार झाली. एप्रिल 2026 पासून तर नवा प्राप्तिकर कायदा येतोय, कलमांचे नंबरच बदलणार. यावर दादा फोनवर म्हणाला, अगं मग ते सगळ्यांनाच नव्याने शिकायचंय, तिथे तू आणि नोकरी करणारे एकाच रेषेवर आहात. हे ऐकून बरं वाटलं.

जे बदललं नाही त्याचीही यादी केली. डेबिट क्रेडिट तेच. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवणं, तेच. टीडीएस 7 तारखेपर्यंत, जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) 11 तारखेपर्यंत, पीएफ 15 पर्यंत, 3बी (टॅक्स भरायचं रिटर्न) 20 पर्यंत. महिन्याचं चक्र मला अजून तोंडपाठ आहे.

30 ऑक्टोबर

टॅलीप्राइम घरी शिकायला लायसन्स घ्यावं लागत नाही, एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त एंट्री महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेलाच करता येते. सरावाला तेवढं बास होतं.

आता सराव कशावर करायचा. यूट्यूबवरच्या व्हिडिओतली एबीसी ट्रेडर्स करून काही होत नाही, कारण त्यातली सगळी बिलं बरोबरच असतात. आमच्या खालच्या गल्लीत काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांना म्हटलं, तुमची सप्टेंबरची खरेदीची बिलं द्या, पैसे नकोत, मला हात बसवायचाय. त्यांनी एक पिशवीच दिली. त्यात तेलाचे डाग पडलेली बिलं, एकावर मागच्या बाजूला प्लंबरचा हिशोब, दोन बिलांवर जीएसटी नंबर चुकलेला. सगळी बिलं 1 आणि 2 तारखेला टाकली, खरी तारीख नरेशनमध्ये, म्हणजे खालच्या टिपणीत लिहिली. 67 बिलं, तीन रात्री.

मग काकांच्या सीएंकडून 2बी ची एक्सेल फाइल मागवली आणि खरेदीच्या रजिस्टरला लावून बघितली. व्हीलुकअप (एक्सेलमधलं दोन याद्या जुळवायचं सूत्र) लावायला आधी अर्धा तास गेला कारण बिल नंबरमध्ये कुठे स्लॅश कुठे डॅश आणि कुठे पुढे शून्य. पण लागलं. आणि एका सप्लायरची दोन बिलं 2बी मध्ये आलेलीच नव्हती, 63,000 चा माल, 18 टक्क्यांनी 11,340 रुपये क्रेडिट, जे काकांच्या टॅक्समधून वजा व्हायला हवं होतं. काकांना माहीतच नव्हतं. सीएंनी 2बी प्रमाणे बरोबर भरलेलं, पण सप्लायरला कोणी विचारलंच नाही, आणि काकांनी तर त्याला टॅक्ससकट पूर्ण पैसे दिलेले.

काकांसमोरच त्या सप्लायरला फोन लावला. त्यांचा सप्टेंबरचा जीएसटीआर-1 भरायचाच राहिला होता. म्हणाले या आठवड्यात भरतो. 11 नोव्हेंबरच्या आत भरला तर 14 तारखेच्या 2बी मध्ये दिसेल. वहीत 14 तारखेला गोल केलाय.

3 नोव्हेंबर

सीव्ही. आधी इंटरनेटवरून एक नमुना घेतला होता, त्यात वरती ऑब्जेक्टिव्ह म्हणून चार ओळी इंग्रजी होत्या ज्या मला स्वतःलाच वाचून नीट कळेनात. काढून टाकल्या. एक पान. वरती नाव, फोन, पंचवटी, नाशिक. मग लगेच काय येतं ते: टॅलीप्राइम, 2बी रिकन्सिलिएशन, बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट. मग नोकऱ्या.

गॅपवर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी आधी लिहिलं होतं, घरगुती कारणास्तव ब्रेक. दादाने ते वाचून विचारलं, यातून समोरच्याला काय कळलं? काहीच नाही, उलट तो मनाने काहीतरी भरणार. एका मैत्रिणीने तर सुचवलं होतं की फर्मची तारीख 2022 पर्यंत ओढ, कोण बघतंय. पण पीएफच्या पासबुकात शेवटचं कॉन्ट्रिब्युशन कधीचं ते स्वच्छ दिसतं, आणि ज्या कामात दुसऱ्याची तारीख चुकली की आपण पकडायची त्या कामाला खोटी तारीख घेऊन जायचं हे मला जमणार नाही. शेवटी असं लिहिलं: एप्रिल 2019 पासून मुलाच्या संगोपनासाठी थांबले, ऑक्टोबर 2025 पासून एका हार्डवेअर दुकानाचं खरेदी रजिस्टर आणि 2बी रिकन्सिलिएशन बघते. दोन ओळी. खरं आहे आणि पुरेसं आहे.

कागदपत्रांची फाइल लावताना दुसरी गोष्ट लक्षात आली. मार्कशीट माहेरच्या नावावर, आधार आणि पॅन सासरच्या नावावर, बँक पासबुकावर तिसराच प्रकार, आधी आडनाव मग नाव. विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढून प्रत्येक सेटला लावल्या. हे आधीच करून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

8 नोव्हेंबर

नोकरी डॉट कॉम, अपना ॲप, दोन व्हॉट्सॲप ग्रुप आणि जुन्या सीए सरांना स्वतः जाऊन भेटले. सर रिटायर व्हायला आलेत पण ओळखलं, म्हणाले सीव्ही ठेवून जा, क्लायंट विचारतात अधूनमधून.

एका कन्सल्टन्सीचा फोन आला, नोकरी पक्की आहे, 1,500 रुपये रजिस्ट्रेशन आत्ता गुगल पे करा. मी कंपनीचं नाव विचारलं तर सांगेनात. फोन ठेवला. नोकरीसाठी उमेदवाराकडून आधी पैसे मागणाऱ्याच्या नादाला लागायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलंय.

आणखी एक. कंपनीतून पहिला फोन आला तेव्हा मी कणकेच्या हातांनी उचलला, मागे कुकर, लेक ओरडतोय, आणि मला त्या बाईंनी सांगितलेली वेळ लिहून घेता आली नाही. आता कोणताही अनोळखी नंबर आला की म्हणते, मॅडम दोन मिनिटांत मीच करते, आणि गॅलरीत जाऊन दार लावून वही पेन घेऊन फोन लावते. कोणाला राग येत नाही याचा.

14 नोव्हेंबर

2बी आलं. दोन्ही बिलं दिसली. 11,340. काकांना दुकानात जाऊन मोबाइलवर दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून दोनदा आकडा वाचला आणि काकूंना हाक मारली. मला घरी येईपर्यंत कसंतरीच होत होतं, आनंदाने. सहा वर्षांनी माझ्या कामाने कोणाचे तरी पैसे वाचले.

18 नोव्हेंबर

पहिला इंटरव्ह्यू, सातपूरला. चांगला झाला नाही. नीट लिहून ठेवते.

निमाणीवरून सिटीलिंकची बस पकडली, अर्ध्या तासात पोचेन धरलं होतं, तासभर लागला. घामाघूम होऊन दहा मिनिटं उशिरा आत गेले. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, मुलाला कोण सांभाळतं? आणि मी सांगत सुटले, शाळा किती वाजता सुटते, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याची शिफ्ट, आजारी पडला तर काय, सगळं. पाच सात मिनिटं मी फक्त घर सांगत होते आणि समोरचे गृहस्थ मोबाइल बघायला लागले. मग विचारलं जीएसटीचे दर किती. तोंडातून निघालं, 5, 12, 18, 28. जिभेला जुनी सवय. लगेच लक्षात आलं, पण दुरुस्त करायचं धाडस झालं नाही, गप्प बसले. कळवतो म्हणाले.

येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

20 नोव्हेंबर

काय चुकलं ते दादाशी व्हिडिओ कॉलवर बोलले पण खरी गोष्ट सासूबाईंनी सांगितली. मी स्वयंपाकघरात पाठ केलेली उत्तरं म्हणत होते आणि त्या निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, तू उत्तर देतेस ना, ते माफी मागितल्यासारखं देतेस. पोर वाढवलं, त्यात माफी कसली?

मग त्यांनाच समोर बसवलं. रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसतात आणि मला विचारतात, काय गं एवढी वर्षं काय करत होतीस, आणि मी दोन वाक्यांत उत्तर देऊन थांबते. थांबणं हेच अवघड आहे. वाक्य संपलं की समोरचा काही बोलत नाही, ती दोन तीन सेकंदं फार लांब वाटतात आणि आपण घाबरून अजून बोलत राहतो. आईंना मुद्दाम सांगितलंय, मी थांबले की तुम्ही लगेच बोलू नका. त्या शेंगा निवडत शांत बसतात, मी त्यांच्याकडे बघत शांत बसते. हळूहळू ते जमायला लागलंय.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही ठरवलं: दुपारी सासूबाई असतात, सगळी सोय झालेली आहे. झालं. प्रश्न मला आवडत नाही, नवऱ्याला आजवर कोणी विचारलेला नाही, पण विचारतात हे खरं आहे, तर उत्तर तयार हवं.

आणि चुकलं तर दुरुस्त करायचं. सॉरी सर, जुने दर सांगितले, 22 सप्टेंबरपासून 5 आणि 18. इतकं म्हणायला तीन सेकंदं लागतात. त्या दिवशी मी ते म्हटलं असतं तर उलट कळलं असतं की बाईला माहीत आहे.

25 नोव्हेंबर

सीए सरांकडून नाव गेलं होतं तिथून बोलावलंय, अंबडला, प्रेस मशीनवर पार्ट बनवणारी कंपनी, परवा 11 वाजता. आज त्याच वेळेला बसने जाऊन गेट बघून आले. एक तास दहा मिनिटं आणि स्टॉपपासून बारा मिनिटं चालत. वॉचमनला विचारलं अकाउंट्स कुठे बसतं, म्हणाला वरच्या मजल्यावर, चपला काढायच्या नसतात. असं बारीकसारीक कळलं की मन निम्मं शांत होतं.

कपड्यांचं फार डोक्यात घेतलं नाही. निळा कुर्ता, इस्त्री केलेला, साधी सँडल जिच्यात चालता येतं. जीएसटी पोर्टलवर कंपनीचा नंबर टाकून बघितला, कधीची नोंदणी, रिटर्न वेळेवर भरतात का, सगळं दिसतं तिथे. वेळेवर भरतात. जिथे जायचं तिथलं एवढं तरी बघून जावं.

27 नोव्हेंबर

हा दिवस सविस्तर लिहिते.

10:40 ला पोचले. पाणी प्यायले. आत अकाउंट्स मॅनेजर मॅडम होत्या, पन्नाशीच्या, त्यांनी सीव्ही बघितला आणि काही न विचारता लॅपटॉप माझ्याकडे वळवला, टॅलीप्राइम उघडलेलं, टेस्ट नावाची कंपनी, शेजारी पाच कागद. म्हणाल्या, करा, मी तोवर एक फोन करते.

पहिलं बिल वापीच्या स्टील सप्लायरचं, गुजरात म्हणजे आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीचा जीएसटी), एफ9 ही खरेदीची की, सरळ झालं. दुसरं लेबर कॉन्ट्रॅक्टरचं, एकट्या माणसाच्या नावावर, 48,000 अधिक 18 टक्के जीएसटी 8,640. टीडीएस एक टक्का, तो मूळ रकमेवर, म्हणजे 480, देणं 56,160. तिसरं सीएंची फी 40,000. इथे थांबले. मॅडमचा फोन संपेपर्यंत वाट बघितली आणि विचारलं, या वर्षातलं यांचं हे पहिलंच बिल आहे का? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, का? म्हटलं, पहिलंच असेल तर पन्नास हजारांच्या आत आहे, टीडीएस नाही, आधी एखादं झालं असेल आणि मिळून वर गेलं तर दहा टक्के कापावा लागेल. त्या म्हणाल्या, पहिलंच धरा.

चौथं बिल खोक्यांचं, कोरुगेटेड बॉक्स, अंबडचाच सप्लायर, तारीख 6 ऑक्टोबर, जीएसटी 12 टक्के. मी टाइप करायला घेतलं आणि हात थांबला. बिल परत वाचलं. तारीख परत वाचली. खोकी 22 सप्टेंबरपासून 12 वरून 5 वर आलीत, हे मी काकांच्या पिशवीतल्या एका बिलामुळेच शोधून ठेवलं होतं. म्हटलं, मॅडम, हे बिल मी टाकणार नाही, सप्लायरला परत पाठवायला लागेल, दर जुना लागलाय. त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. म्हणाल्या, हे खरं बिल आहे, आमच्याकडे असंच आलं होतं, आणि आमच्या ऑफिसातल्या मुलाने टाकूनही दिलं होतं.

पाचवं विक्री परत आल्याचं. बोटं सवयीने कंट्रोल एफ8 वर गेली, ते ईआरपी 9 चं, इथे सेल्स ऑर्डर उघडली. एस्केप, आणि ऑल्ट एफ6, क्रेडिट नोट. मॅडमनी ते बघितलं. मी म्हणाले, जुनी की दाबली गेली. त्या म्हणाल्या, माझी पण वर्षभर जात होती.

मग गॅपचा प्रश्न आला. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. शांतता झाली, मला आईंच्या शेंगा आठवल्या, आणि मी थांबूनच राहिले. त्यांनी विचारलं, हे हार्डवेअर दुकानाचं काय आहे? मग मी 67 बिलं, 63,000, 11,340, सप्लायरला केलेला फोन आणि 14 तारखेचं 2बी असं सगळं क्रमाने सांगितलं. त्या मधेमधे लिहून घेत होत्या. शेवटी छोट्या सप्लायरच्या, म्हणजे एमएसएमईच्या पेमेंटबद्दल विचारलं. मी सांगितलं, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15, आणि मुदतीत दिलं नाही तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षात धरता येतो. हे वाचलेलं होतं.

तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणाल्या. मी विचारलं, 11 आणि 20 तारखेच्या आधी किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, मला घरी आधी सांगून ठेवावं लागेल. म्हणाल्या, साडेसात, महिन्यातून चार पाच दिवस. म्हटलं चालेल. स्पष्ट विचारलं हे बरं केलं.

1 डिसेंबर

एचआरचा फोन. आधीचा पगार किती होता? 14,000, 2019 ला, खरं ते सांगितलं, आणि लगेच म्हटलं की मला आता 20,000 हवेत. ते 17 म्हणाले. मी म्हटलं, टेस्ट मॅडमनी घेतलीय, त्यांना एकदा विचारा. हे वाक्य दादाचं. संध्याकाळी परत फोन, 19,000, बेसिक 15,000. हिशोब तिथेच वहीत केला, पीएफ 1,800, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे 143, प्रोफेशनल टॅक्स नाही कारण महाराष्ट्रात बायकांना महिना 25,000 पर्यंत माफ आहे. हातात 17,057. हो म्हणाले.

सातपूरहून काही कळवलेलं नाही. मी आज स्वतः मेल टाकून वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि दुसरीकडे रुजू होतेय असं कळवलं. उद्या कुठे परत गाठ पडेल सांगता येत नाही.

4 डिसेंबर

जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच चालणार. पण जुन्या फर्मने एक्झिटची तारीख टाकलीच नव्हती, सहा वर्षं तशीच. शेवटच्या कॉन्ट्रिब्युशनला दोन महिने होऊन गेले असतील तर आपण स्वतःच मेंबर पोर्टलवर मार्क एक्झिट करू शकतो, आधारला लिंक असलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. केलं. ज्यांनी नोकरी सोडून वर्षं झालीत त्यांनी हे आजच बघून घ्या, नोकरी लागल्यावर सुचत नाही.

काकांच्या दुकानात पेढे दिले. काका म्हणाले आता माझं 2बी कोण बघणार. म्हटलं रविवारी मीच. पण आता पैसे घ्यायचे असं काकूंनीच ठरवून टाकलं.

8 डिसेंबर, सोमवार

पहिला दिवस. 9:15 ला हजर. टेबल खिडकीजवळ आहे, खाली प्रेस चालू झाला की पाण्याची बाटली थरथरते. मॅडमनी टॅलीचा यूजर आयडी दिला आणि नोव्हेंबरच्या विक्रीचा गठ्ठा. जीएसटीआर-1 ला तीन दिवस आहेत. 212 इनव्हॉइस, त्यातले 40 झाले संध्याकाळपर्यंत, दोन ठिकाणी एचएसएन (मालाचा जीएसटीचा कोड) चुकलेला सापडला, कडेला पेन्सिलने खूण करून ठेवलीय, उद्या मॅडमना दाखवायचं.